मुंबईहून जुन्नर: दोन दिवसांची आखणी, टप्प्याटप्प्याने

जुन्नरचा बेत फसतो तो बहुतेक वेळा मुंबईतच, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर. कोणीतरी यादी टाकतं: शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट, जाता जाता माळशेज आणि ‘वेळ उरला तर’ हडसर. नकाशावर ही सगळी ठिकाणं जुन्नरला चिकटून बसलेली दिसतात, त्यामुळे कोणालाच काही वावगं वाटत नाही. मग शनिवारी नऊला घर सोडलेली गाडी दोन वाजता पोचते, मंडळी भर उन्हात लेण्याद्रीच्या पायऱ्या चढतात, नाणेघाटावरून परतताना अंधार पडतो आणि रविवारी शिवनेरीला जायची वेळ येते तेव्हा निम्म्या लोकांचे गुडघे बोलत असतात.

जुन्नर किलोमीटर मोजून आखायचं गाव नाही. इथे आखणी चढावर आणि उजेडावर करायची. एका दिवसाला एक मोठा चढ, तोही सकाळी. बाकी सगळं त्याच्या अवतीभवती. खालचे टप्पे या हिशेबाने लावले आहेत आणि त्यांचा क्रम शक्यतो मोडू नका.

१. तारीख: आधी पंचांग, मग ऑफिसची सुट्टी

लोक लाँग वीकेंड बघून तारीख धरतात. इथे उलटं करा. भिंतीवरची दिनदर्शिका काढा आणि या तारखा आधी खोडा:

– १९ फेब्रुवारी आणि तिथीनुसारची शिवजयंती, म्हणजे फाल्गुन वद्य तृतीया. दोन्ही वेळा शिवनेरीवर मोठी गर्दी असते. तुम्हाला सोहळाच पाहायचा असेल तर जरूर जा, पण मग तो गड निवांत पाहण्याचा दिवस नव्हे.

– शनिवार-रविवारी आलेली संकष्टी, त्याला लागून आलेली सुट्टी, तसंच भाद्रपद आणि माघातले गणपतीचे दिवस. लेण्याद्री आणि ओझर दोन्ही अष्टविनायकांतले. एरवी अर्ध्या तासात होणारं दर्शन त्या दिवशी किती वेळ घेईल, सांगता येत नाही.

– जुलै-ऑगस्टचे शनिवार-रविवार. अडचण जुन्नरची नाही, वाटेतल्या माळशेज घाटाची आहे. धबधब्यांपाशी गाड्यांची रांग लागते, दरड कोसळण्याची भीती असते आणि प्रशासन पर्यटकांसाठी बंदीचे आदेशही काढतं.

एप्रिल-मेमध्ये जायचंच असेल तर दुपारी अकरा ते चार हा वेळ हिशेबातून वगळा. सगळ्यात सोयीचा काळ दसऱ्यानंतर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. जानेवारीपासून रस्त्याकडेला द्राक्षंही दिसू लागतात.

शिवनेरीबद्दल आणखी एक. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलं, त्यांत शिवनेरी आहे. त्यामुळे ‘साधा रविवार’ धरला तरी गडावर शांतता असेल असं गृहीत धरू नका.

२. रस्ता: माळशेजचा, पण वेळेवर

जुन्नरला रेल्वे स्टेशन नाही. मुंबईहून दोन वाटा आहेत. एक कल्याण–मुरबाड–माळशेज, दुसरी एक्स्प्रेस वेने तळेगाव, चाकण, मंचर, नारायणगाव. दुसरी लांब आहे आणि चाकणच्या कोंडीत सापडलात तर एक्स्प्रेस वेवर वाचवलेला वेळ तिथे व्याजासकट जातो. घाट बंद असेल तरच ती धरा.

स्वतःची गाडी असेल तर पहाटे पाचला घर सोडा. याचं कारण माळशेज नाही, कल्याण आहे. दुर्गाडी ते शहाड हा पट्टा एकदा जागा झाला की त्याला कोणाचीच घाई नसते. नवी मुंबईकरांनी बदलापूर–मुरबाड रस्त्याचा विचार करावा, म्हणजे कल्याण टळतं. पेट्रोल मुरबाडला भरा. चहा-नाश्ता सरळगाव किंवा टोकावड्याला उरका. घाटात टपरी दिसली म्हणून गाडी लावू नका, वळणावर उभी केलेली गाडी मागून येणाऱ्या ट्रकला दिसत नाही.

घाट चढून गेल्यावर सरळ आळेफाट्याकडे जायचं नाही. ओतूरच्या अलीकडे बनकर फाट्याला उजवीकडे वळा. गणेशखिंडीतून जाणारा हा रस्ता जुन्नरला उतरतो आणि लेण्याद्री त्याच बाजूला, गावाच्या आधी लागते. शनिवारचा सगळा क्रम या एका वळणावर उभा आहे.

एसटीने जाणार असाल तर लोकलने कल्याण गाठा आणि जुन्नरची थेट गाडी धरा. ती चुकली तर आळेफाट्याची किंवा अहिल्यानगरकडे जाणारी कोणतीही गाडी घ्या आणि आळेफाट्याहून जुन्नरसाठी दुसरी एसटी किंवा जीप पकडा. कल्याण स्थानकाबाहेरच्या एसटीच्या सुटण्याच्या जागा कामांमुळे बदलत आल्या आहेत. आदल्या दिवशी चौकशी करून नक्की जागा विचारून घ्या. पहाटे पावणेसहाला बॅगा घेऊन स्टेशनच्या पूर्वेपश्चिमेला धावाधाव करण्यात काही मजा नाही. महिलांना तिकिटात निम्मी सवलत आहे, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत. ओळखपत्र मूळ ठेवा.

तपासा: नकाशात ‘नाणेघाट’ टाकून गाडी काढली असेल तर थांबा. नाणेघाटाला दोन टोकं आहेत. पायथा वैशाखऱ्याजवळ, माळशेजच्या खाली, आणि तिथून वर पायीच जावं लागतं. गाडीने पोचायचं टोक घाटघरच्या बाजूला, जुन्नरहून. खालच्या टोकाला जाऊन ‘रस्ता संपला’ म्हणणारी कुटुंबं दर सुट्टीला दिसतात.

३. मुक्काम: एक फोन, पाच प्रश्न

जुन्नर गावात लॉज आहेत, लेण्याद्री आणि ओझरला देवस्थानांची भक्तनिवासं आहेत, नारायणगावच्या बाजूला हॉटेलं आणि कृषी पर्यटन केंद्रं आहेत. दोन दिवसांसाठी जुन्नर गावातच राहा. रविवारी उजाडता उजाडता शिवनेरीच्या पायथ्याशी पोचायचं आहे आणि नारायणगावहून ते आणखी पंधरा किलोमीटर पडतं.

ऑनलाइन बुकिंग झालं तरी लॉजवर फोन करा. असं विचारा:

“दादा, खोली चोवीस तासांची का बारा ते बारा?”
“गरम पाणी किती वाजेपर्यंत येतं?”
“रविवारी पहाटे साडेपाचला दार उघडाल ना?”
“गाडी आत लागते का रस्त्यावर?”
“रात्रीचं जेवण तिथेच, की बाहेर जायचं?”

तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही आणि अडतं ते तिथेच. खाली शटर ओढून झोपलेल्या माणसाला पहाटे उठवणं दोघांनाही त्रासाचं. चोवीस तासांची खोली असेल तर शनिवारी उशिरा, एकच्या सुमाराला ताब्यात घ्या, म्हणजे रविवारी गड उतरून आंघोळीला जागा राहते.

सर्व मोठ्यांची ओळखपत्रं लागतात. अविवाहित जोडप्यांनी आणि एकट्या मुलींनी फोनवरच स्पष्ट विचारून घेतलेलं बरं. छोट्या गावातल्या लॉजचे नियम दारात समजण्यापेक्षा आधी समजलेले चांगले.

४. सामान: पाठीवर काय, गाडीत काय

इथे चूक होते ती जास्त आणण्याची. चढाच्या वेळी दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून सगळं चेन असलेल्या एका सॅकमध्ये. माणशी दोन लिटर पाणी. पकड असलेले बूट. नवे कोरे बूट या सहलीसाठी राखून ठेवू नका. टोपी, छोटी टॉर्च, गूळ-शेंगदाणे किंवा चिक्की, सुटे पैसे. यूपीआय सगळीकडे चालतं, पण घाटघरच्या बाजूला रेंजचा भरवसा नाही आणि चहावाल्याचे वीस रुपये द्यायला पाचशेची नोट काढली की दोघांची पंचाईत.

उग्र अत्तर किंवा डिओ लावून गडावर जाऊ नका. शिवनेरीच्या कड्यांना आणि आसपासच्या लेण्यांना आग्या मोहोळं असतात. मधमाश्या वासाने आणि धुराने चवताळतात. सिगारेट, फटाके, ड्रोन, आरडाओरडा, सगळं यात आलं. माश्या उठल्याच तर हात हलवत उभे राहू नका. तोंड आणि मान झाकून, न थांबता दूर जा.

५. शनिवार सकाळ: लेण्याद्री

पाचला निघालात तर साडेनऊच्या आसपास लेण्याद्रीच्या पायथ्याशी असाल. खोलीवर जाऊन ‘फ्रेश होऊन येऊ’ म्हणालात की गेला दिवस. अकरा वाजतात आणि पायऱ्या तापतात. एसटीने आलेल्यांना मात्र बॅगा टाकायला आधी गावात जावंच लागेल. त्यांनी रिक्षा ठरवून लगेच परत यावं, अंतर पाचेक किलोमीटर आहे.

तिकीट पुरातत्त्व खात्याचं आहे आणि ते खालीच मिळतं. पंधरा वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. पायऱ्या तीनशेच्या आसपास, बांधलेल्या आणि रुंद. आजी-आजोबांसाठी डोलीवाले असतात. दर खालीच ठरवा, आणि जाऊन-येऊन धरून ठरवा.

सावध: माकडं. ती भुकेली नसतात, सराईत असतात. सगळे प्रसादाची पिशवी हातात धरून चढतात आणि पन्नासाव्या पायरीपर्यंत ती जाते. माकड समोरून येत नाही, कठड्यावरून बाजूला उतरतं, पिशवीचा तळ धरतं आणि फाडतं. नारळ घरंगळत खाली, पेढे त्याच्या गालात. पाण्याची बाटली हातात दिसली तरी ओढतात. सगळं सॅकमध्ये, चेन बंद, आणि ओढलंच तर सोडून द्या. चावा घेतला तर सहल सोडून रुग्णालय गाठावं लागतं.

वर पोचल्यावर बहुतेकांचं एकच लेणं बघून होतं. गिरिजात्मज, म्हणजे इथला गणपती, आहे ते सातवं, भलंमोठं दालन, मध्ये एकही खांब नाही. बाहेरच्या उजेडावरच आतलं दिसतं, म्हणून सकाळ महत्त्वाची. दर्शन झालं की लोक चपला शोधू लागतात. थांबा. शेजारचं सहावं लेणं चैत्यगृह, म्हणजे बौद्ध प्रार्थनेचं दालन आहे: दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, खांबांच्या माथ्यावर प्राणी कोरलेले आणि टोकाला स्तूप. सातव्यापासून तिथे जायला मिनिटही लागत नाही. आधी चैत्यगृह बघितलं तर चुकत नाही, मी तोच क्रम सुचवेन. इतर लेणी छोटी आहेत. त्यांच्यासाठी मुलांना उन्हात ताटकळत ठेवू नका.

साडेअकरापर्यंत खाली उतरलेलं असावं.

६. शनिवार दुपार: गाव, तुळजा किंवा नाणेघाट. यांतलं एकच

जेवायला मासवडी मागा. मासे नाहीत तिच्यात, बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून केलेली वडी आणि सोबत झणझणीत रस्सा. ती सगळीकडे तयार नसते, म्हणून लेण्याद्रीला निघण्याआधीच खानावळीला फोन करून सांगून ठेवा. मग झोपा. खरंच झोपा, तास दीड तास. रविवारचा चढ इथे कमावला जातो.

चारनंतर तीन पर्याय आहेत.

पहिला, गावातच फिरणं. जुन्या पेठेतले वाडे पायी बघा. गल्ल्यांत गाडी घालू नका, बाजाराच्या दिवशी तर मुळीच नको. मग रिक्षाने हापूसबागेतला सौदागर घुमट, ही एक जुनी कबर. बाहेरच्या भिंतीवरची अक्षरं आणि नक्षी तिरप्या उन्हात नीट उठून दिसतात, त्यामुळे तिथे संध्याकाळीच जा. लोकांचे वाडे म्हणजे राहती घरं आहेत; अंगणात कॅमेरा घेऊन शिरण्याआधी “काकू, बाहेरून फोटो काढू का?” एवढं विचारलं तर बऱ्याचदा आत बोलावतात.

दुसरा, पाडळीजवळची तुळजा लेणी. चढ किरकोळ आहे. तिथल्या गोल चैत्यगृहात स्तूपाभोवती बारा खांब वर्तुळात उभे आहेत. असं लेणं सहसा बघायला मिळत नाही आणि तिथे गर्दीही नसते.

तिसरा नाणेघाट. हा अर्ध्या तासाचा फेरफटका नाही. जुन्नरहून चावंडवरून घाटघरला आणि पुढे पठारावर जायला तास-सव्वातास लागतो, परतीला तेवढाच. तो घ्यायचा तर झोप सोडून अडीचला निघा आणि वरचे दोन्ही पर्याय विसरा. पोचल्यावर होणारी नेहमीची चूक: पठारावर ‘नानाचा अंगठा’ नावाच्या कड्याशी फोटो काढायचे आणि माघारी फिरायचं. ज्यासाठी नाणेघाट ओळखला जातो ते सातवाहनांचं लेणं पठारावर नाही. जुन्या दगडी रांजणापासून दोन कड्यांमधल्या अरुंद नळीतून थोडं खाली उतरावं लागतं. पायाखाली मोठे, घासून गुळगुळीत झालेले दगड आहेत, वाटेत माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरून थांबावं लागतं. लेण्याच्या आत भिंतींवर राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. अक्षरांना हात लावू नका, पाणी मारून फोटो काढायचा उद्योग तर करूच नका. पावसाळ्यात ही नळी ओढ्यासारखी वाहते, तेव्हा मुलांना घेऊन उतरू नका.

सूर्यास्त बघून निघू, हा मोह इथे महाग पडतो. जुन्नर तालुका बिबट्यांचा आहे. धरणांनी ऊस आणला आणि उसात बिबटे राहू लागले. दिवेलागणीनंतर उसाच्या कडेला पायी फिरू नका, लहान मुलांचा हात सोडू नका, आणि ‘गाडी दोन मिनिटं बाजूला घे’ ही गरज गावात किंवा पंपावर भागवा. बिबट्या दिसला तर गाडीतून उतरून व्हिडिओ काढायचा नाही. वनखात्याची मदतवाहिनी १९२६ फोनमध्ये आधीच साठवून ठेवा.

७. रविवार पहाट: शिवनेरी

साडेपाचला उठा, थोडं खा, साडेसहाला पायथ्याशी. सातला सुरुवात केली तरी चालेल, नऊला मात्र नाही. नऊपर्यंत सहलीच्या बस येतात आणि दरवाजांमध्ये खोळंबा होतो.

वाट सात दरवाजांची धरा. महादरवाजापासून कुलाबकर दरवाजापर्यंत नीट पायऱ्या आहेत. पश्चिमेची साखळीची वाट फोटोत चांगली दिसते. कड्यावर कोरलेल्या खोबण्या आणि साखळी यांच्या आधाराने चढायची असते. सराव आणि सोबतीला जाणकार नसेल तर ती सोडा. घरच्या मंडळींसोबत तर विषयच नको.

दरवाजे मोजत चढा, याचं कारण आहे. पाचवा, शिपाई दरवाजा ओलांडला की मुख्य वाट सोडून उजवीकडे शिवाई देवीचं मंदिर लागतं. धापा टाकत वर जाणारे ते हमखास चुकवतात, आणि उतरताना ‘नंतर बघू’ म्हणतात. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांसाठी हाच चांगला मुक्काम: देवीपर्यंत यावं, बसावं आणि सावकाश उतरावं. त्यांना माथ्यापर्यंत ओढत नेऊ नका.

माथ्यावर आधी पडका अंबरखाना, म्हणजे धान्याचं कोठार लागतं. पुढे एक वाट कोळी चौथऱ्याच्या टेकडीकडे, दुसरी शिवकुंजाकडे, म्हणजे जिजाऊ आणि बाल शिवाजींच्या पुतळ्यांच्या स्मारकाकडे. आधी शिवकुंज घ्या, मग गंगा-जमुना टाकी, कमानी मशीद, शिवजन्माची दुमजली इमारत, तिच्यासमोर बदामी तलाव आणि शेवटी कडेलोट टोक. टेकडीवर पाय शिल्लक असतील तरच जा. कडेलोटाला कठड्याच्या आत थांबा. तिथे वारा एकदम मागून येतो आणि पाठ दरीकडे करून सेल्फी काढणाऱ्याला तो आधी कळत नाही. जन्मस्थानात बूट बाहेर काढा आणि आवाज खाली ठेवा.

टाक्यांतलं पाणी पिऊ नका, त्यात बाटल्या बुचकळू नका. रिकाम्या बाटल्या आणि वेष्टणं खाली आणा.

वेळेचा हिशेब: रमतगमत चढायला सव्वा तास, वर दीड तास, उतरायला पाऊण. सव्वादहा-साडेदहाला खाली.

तपासा: पावसानंतरच्या दिवसांत दरवाजांमधल्या फरशा शेवाळतात आणि उतरताना घसरतात. मुलांना उतारावर पळू देऊ नका.

८. परतीचा हिशेब

आंघोळ, नाश्ता, आणि बाराला जुन्नर सोडा. जेवून निघू म्हणालात तर दोन वाजतात, चारला माळशेज, साडेसहाला शहाड, आणि तिथे सगळी मुरबाड-माळशेज पब्लिक तुमच्या आधी उभी असते.

ओझर करायचंच असेल तर ते इथेच बसतं, आधी नाही. ओझर नारायणगावच्या बाजूला आहे, म्हणजे परतीच्या उलट दिशेला. गड उतरून सरळ ओझर, तिथून नारायणगावमार्गे आळेफाटा आणि मग कल्याणचा हमरस्ता. दीड-दोन तास जास्त धरा आणि आंघोळ सोडा. दोन्ही जमवू असं ठरवणाऱ्यांची शेवटी दोन्हीची घाई होते. माझ्या मते ओझर अष्टविनायकाच्या वेगळ्या फेरीसाठी ठेवावं.

एसटीने परतणाऱ्यांनी कल्याणच्या गाडीचं आरक्षण शुक्रवारीच करावं. रविवारी दुपारनंतर जुन्नर स्थानकावर उभं राहायलाही जागा नसते. जागा मिळालीच नाही तर तिथे वाट बघत बसू नका, आळेफाटा गाठा. कल्याण–अहिल्यानगर आणि पुणे–नाशिक हे दोन्ही महामार्ग तिथे एकमेकांना छेदतात, म्हणून गाड्यांचे पर्याय वाढतात. आणि कल्याणला उतरण्याआधी मध्य रेल्वेचा रविवारचा मेगाब्लॉक कोणत्या मार्गावर आणि किती वाजेपर्यंत आहे ते बघून ठेवा.